पाठ ७ : संकटात हाताशी येणारे कवच

मागील पाठांत आपण बचत, बँक खाते आणि कर्ज यांची ओळख करून घेतली. या पाठात त्यापुढचा प्रश्न घेऊ. घरातील कमावत्या माणसाला काही झाले, आजारपण आले, हात-पाय निकामी झाला किंवा म्हातारपणी कमाई थांबली, तर घर कशावर चालेल?

कारखान्यात किंवा सरकारी कचेरीत कायम नोकरी असणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी, विमा, पेन्शन, रजा यांचा आधार असतो. आपल्या देशातील बहुसंख्य कामकरी माणसांना तो नाही. गवंडी, ऊसतोड मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, भाजीविक्रेते, रिक्षाचालक, शिलाईकाम करणाऱ्या, हमाल, शेतमजूर हे सगळे असंघटित क्षेत्रात मोडतात. त्यांच्यासाठी सरकारने गेल्या काही वर्षांत बऱ्याच योजना आणल्या. पण योजना असणे आणि तिचा पैसा घरात पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली एखादी कडी तुटलेली असली, तर ज्या दिवशी खरी गरज पडते त्याच दिवशी हातात काही येत नाही.

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत.

• कोणत्या संकटाला कोणता आधार लागतो ते ओळखणे.
• आपल्या घरात आज कोणते कवच आहे आणि कोणते नाही, हे तपासणे.
• कवच मध्येच बंद पडू नये म्हणून काय करायचे ते ठरवणे.
• वेळ आलीच तर हक्काचा पैसा मिळवणे.

१. तीन प्रकारची संकटे, तीन प्रकारचे आधार

सगळी संकटे सारखी नसतात. त्यांचे तीन गट करू.

पहिला गट छोट्या आणि वारंवार येणाऱ्या अडचणींचा. मुलाला ताप आला, आठ दिवस काम मिळाले नाही, शिलाई मशीन बिघडले. याला उपाय एकच, हाताशी ठेवलेली बचत. यासाठी विमा नसतो आणि सरकारी मदतही नसते. किमान एक महिन्याचा घरखर्च बँक खात्यात किंवा बचत गटात बाजूला असावा. तो नसेल तर सावकार गाठावा लागतो. दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने ४०,००० रुपये घेतले, तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये नुसते व्याजापोटी जातात. मुद्दल तसेच उभे राहते.

दुसरा गट क्वचित येणाऱ्या पण घर मोडणाऱ्या संकटांचा. कमावत्या माणसाचा मृत्यू, मोठा अपघात, शस्त्रक्रिया. एवढा पैसा साठवून ठेवणे छोट्या बचतदाराला शक्य नसते. इथे विमा लागतो. पुष्कळ जणांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला मोठी रक्कम मिळायची, हे विम्याचे साधे तत्त्व आहे.

तिसरा गट लांबत जाणाऱ्या स्थितीचा. म्हातारपण, वैधव्य, कायमचे अपंगत्व. इथे एकदाच मिळालेली रक्कम पुरत नाही, दरमहा काहीतरी यावे लागते. त्यासाठी पेन्शन आणि सरकारी अनुदान.

बचत, विमा आणि पेन्शन एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. विमा आहे म्हणून बचत थांबवणे चुकीचे, आणि बचत आहे म्हणून विमा टाळणेही चुकीचे.

२. वर्षाला ४५६ रुपयांचे विमा कवच

२०१५ साली केंद्र सरकारने बँक किंवा पोस्टातील बचत खात्याशी जोडलेल्या दोन विमा योजना सुरू केल्या. आज त्यांचे नियम असे आहेत.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वय १८ ते ५० असताना नाव नोंदवता येते. हप्ता चालू ठेवला तर कवच ५५ वर्षांपर्यंत राहते. वर्षाचा हप्ता ४३६ रुपये. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात. नवीन नाव नोंदवल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला, तर मात्र रक्कम मिळत नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०. वर्षाचा हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू झाला, किंवा अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय, अथवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाला, तर २ लाख रुपये. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय कायमचा गेला, तर १ लाख रुपये. अपघात म्हणजे केवळ रस्त्यावरचा अपघात नव्हे. सर्पदंश, झाडावरून पडणे हेही त्यात येते. मात्र अशा वेळी दवाखान्यात लगेच झालेली नोंद पुरावा म्हणून लागते.

दोन्ही हप्ते मिळून वर्षाला ४५६ रुपये, म्हणजे महिन्याला ३८ रुपये होतात. अपघाती मृत्यू झाला आणि दोन्ही योजनांत नाव असले, तर दोन्हींचे मिळून ४ लाख रुपये कुटुंबाला मिळतात.

याशिवाय जनधन खात्याबरोबर मिळणाऱ्या रुपे कार्डावर वेगळा अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्यांसाठी तो २ लाख रुपयांचा आहे, आधीच्या खात्यांसाठी १ लाखाचा. त्याला वेगळा हप्ता नाही, पण अट आहे. अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत त्या कार्डाने किमान एक व्यवहार यशस्वी झालेला असावा लागतो. कार्ड पेटीत ठेवून दिले असेल तर हा विमा असूनही नसल्यासारखा होतो. दर दोन महिन्यांनी एकदा तरी कार्ड वापरा, मग रक्कम शंभर रुपयांची का असेना.

लक्षात ठेवा : एका माणसाला एका योजनेत एकदाच कवच मिळते. तीन बँकांत तीन खाती असून तिन्हींतून ४३६ रुपये कापले जात असतील, तरी दावा एकच मंजूर होईल. जादा हप्ते वाया जातील. पासबुक तपासा आणि जादा नोंदणी बंद करायला बँकेला लेखी सांगा.

३. मे महिन्याचा शेवटचा आठवडा

या दोन्ही विम्यांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. पुढच्या वर्षाचा हप्ता साधारण २५ ते ३१ मे या दिवसांत खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात पैसे नसतील तर हप्ता जात नाही आणि कवच संपते. त्यानंतर बँकेकडून फोन येईल याची खात्री नसते. संदेश आला तरी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जातो.

आता आपल्या घरचे मे महिन्याचे गणित आठवा. लग्नसराई असते, शाळेची वह्या-पुस्तके घ्यायची असतात, पेरणीसाठी बी-बियाणे आणायचे असते. खाते नेमके याच दिवसांत रिकामे होते. वर्षभर पैसे असलेल्या खात्यात त्या एका आठवड्यात ४५६ रुपये नसल्यामुळे २ लाखांचे कवच जाते.

पुढे जूनमध्ये किंवा नंतर पुन्हा नाव नोंदवता येते. पण जीवन ज्योतीत ३० दिवसांची अट पुन्हा लागू होते. त्या महिन्यात आजाराने मृत्यू झाला तर रक्कम मिळत नाही. म्हणून एक साधी सवय लावा. १५ मे ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि त्या दिवशी खात्यात किमान ५०० रुपये आहेत का ते पाहा. खाते पती-पत्नींचे वेगवेगळे असेल तर दोन्ही तपासा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्या आणि ४३६ आणि २० रुपयांच्या नोंदी दिसतात का ते बघा. नोंद दिसली तरच कवच चालू आहे असे समजा.

४. म्हातारपणाची सोय

अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयाच्या खातेदारांसाठी आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून त्यात नव्याने नाव नोंदवता येत नाही. वयाच्या ६० वर्षांनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत, तुम्ही निवडाल ती पेन्शन मिळते. हप्ता किती, हे तुम्ही कोणत्या वयात सुरू करता यावर ठरते. १,००० रुपये पेन्शनसाठी दरमहा भरायची रक्कम अशी :

वय १८ : ४२ रुपये
वय २५ : ७६ रुपये
वय ३० : ११६ रुपये
वय ३५ : १८१ रुपये
वय ४० : २९१ रुपये

अठराव्या वर्षी सुरू करणारी मुलगी ४२ रुपयांत जे मिळवते, त्यासाठी चाळिशीतल्या आईला २९१ रुपये भरावे लागतात. लवकर सुरुवात करण्याचा फायदा यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

खातेदाराच्या मृत्यूनंतर तेवढीच पेन्शन पती किंवा पत्नीला मिळते. दोघांच्याही मृत्यूनंतर साठलेली रक्कम नॉमिनीला मिळते. १,००० रुपयांच्या पेन्शनसाठी ही रक्कम १ लाख ७० हजार आणि ५,००० रुपयांसाठी ८ लाख ५० हजार रुपये आहे.

मात्र एक गोष्ट विक्रेता सांगत नाही, ती इथे सांगायला हवी. पेन्शनचा आकडा आज ठरतो आणि भाव वाढत जातात. भाववाढ दरवर्षी ५ टक्के धरली, तर ३० वर्षांनी मिळणाऱ्या ५,००० रुपयांत आजच्या सुमारे १,१५० रुपयांएवढाच माल येईल. म्हणून ही योजना म्हातारपणाचा पाया समजा, पूर्ण घर नव्हे. कमाई वाढेल तशी जोडीला दुसरी बचतही वाढवा.

५. सरकारी सहाय्य : हक्क कोणाचा, किती

ज्यांना हप्ता भरणेच शक्य नाही, अशा गरीब घरांसाठी १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम चालू आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी केंद्राचा वाटा असा आहे.

• ६० ते ७९ वयाच्या वृद्धांना दरमहा २०० रुपये, ८० आणि त्यापुढे ५०० रुपये.
• ४० ते ७९ वयाच्या विधवांना दरमहा ३०० रुपये.
• ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना दरमहा ३०० रुपये.
• १८ ते ५९ वयाच्या कमावत्या माणसाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये. याला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना म्हणतात.

हे आकडे वाचून तुम्हाला प्रश्न पडला असेल, २०० रुपयांत महिना कसा निघणार? प्रश्न रास्त आहे. ६० ते ७९ वयोगटासाठीचा केंद्राचा हा वाटा जवळपास दोन दशके वाढलेला नाही. बहुतेक राज्ये त्यात आपली भर घालतात, त्यामुळे हातात पडणारी रक्कम राज्याराज्यांत वेगळी असते. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना सध्या दरमहा १,५०० रुपये मिळतात. केंद्राच्या नियमात चाळिशीच्या आतली विधवा बसत नाही. पदरात लहान मुले असलेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या बाईला मदतीची गरज कमी नसते, तरी ती या यादीबाहेर राहते. काही राज्यांनी ही उणीव स्वतःच्या योजनेतून भरून काढली आहे. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अशा विधवेलाही अर्ज करता येतो. तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथल्या तहसील कचेरीत किंवा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. केंद्राच्या नियमात बसत नाही म्हणून माघारी फिरू नका.

आजारपणासाठी आयुष्मान भारत योजनेत, २०१८ पासून, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, या योजनेचे कार्ड मिळते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

६. ठेकेदाराकडे काम करता? मग हे विचारा

ठेकेदाराच्या हाताखाली, छोट्या कारखान्यात, हॉटेलात किंवा सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्या पुष्कळांना आपला भविष्य निर्वाह निधी कापला जातो की नाही हेच ठाऊक नसते. पगारचिठ्ठी मागा. त्यावर निधीची कपात असेल तर तुमच्या नावे १२ आकड्यांचा यूएएन क्रमांक असतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही.

या निधीला जोडून कामगाराचा विमाही असतो आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीही कापले जात नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला त्यातून जास्तीत जास्त ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. निधीची रक्कम आणि कुटुंब पेन्शन याखेरीज हा पैसा असतो. घरच्यांना यूएएन क्रमांकच माहीत नसेल, तर ते मागणार तरी काय?

बांधकामावर काम करणाऱ्यांसाठी १९९६च्या कायद्याने प्रत्येक राज्यात कल्याणकारी मंडळे झाली. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून मजुरांना मदत द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे लागते, ते विसरू नका.

२६ ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. वय १६ ते ५९, भविष्य निर्वाह निधी किंवा कर्मचारी राज्य विम्याचे सदस्य नसावे, प्राप्तिकर भरत नसावे, एवढ्या अटी आहेत. स्वतः नोंदणी केली तर खर्च काहीच नाही. हे कार्ड म्हणजे स्वतः विमा किंवा पेन्शन नव्हे. तुम्ही कामगार आहात आणि कोणते काम करता, याची ती सरकारदरबारी नोंद आहे. पुढील योजनांसाठी ती उपयोगी पडते. मदतीचा क्रमांक १४४३४.

७. गाव सोडले तर काय बरोबर येते?

मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत पसरले आहेत. खानदेशातून सुरतेला गेलेली कुटुंबेही कमी नाहीत. अशा प्रत्येक कुटुंबाने पुढील दोन याद्या पाठ कराव्यात.

बरोबर येणाऱ्या गोष्टी : खात्याशी जोडलेले दोन्ही विमे, अटल पेन्शन, यूएएन, ई-श्रम क्रमांक, आणि सहभागी राज्यांतील रुग्णालयांत आयुष्मान कार्ड. रेशनसुद्धा आता बरोबर येते. 'एक देश, एक रेशन कार्ड' व्यवस्थेची सुरुवात ऑगस्ट २०१९मध्ये झाली. महाराष्ट्र आणि गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक जोडी होती. २०२२पर्यंत सगळी राज्ये त्यात आली. कुटुंबाच्या वाट्याचे थोडे धान्य तुम्ही कामाच्या गावी आणि उरलेले घरचे लोक मूळ गावी घेऊ शकतात. फक्त अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य मिळते, राज्याने स्वतःची दिलेली जादा वस्तू दुसऱ्या राज्यात मिळत नाही.

मागे राहणाऱ्या गोष्टी : राज्याचे वृद्ध किंवा विधवा अनुदान, राज्याची स्वतःची आरोग्य योजना, आणि बांधकाम मंडळाची नोंदणी. ही नोंदणी तुम्ही ज्या राज्यात काम करता तिथे करावी लागते.

सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांचे नाव दोन्हीकडच्या यादीतून निसटण्याचा धोका सर्वांत जास्त. गावातील पडताळणीच्या वेळी माणूस हजर नाही म्हणून अनुदान थांबते. त्यासाठी घरातील कोणीतरी किंवा शेजारी पडताळणीची तारीख कळवील, अशी व्यवस्था करून ठेवा.

८. एका घराचा हिशेब

समजा, सोलापूर जिल्ह्यातील एक कुटुंब हैदराबादला राहते. नवरा ३५ वर्षांचा, गवंडीकाम करतो. बायको ३० वर्षांची, घरी शिलाई करते. दोन मुले शाळेत. ६८ वर्षांची आई गावी. त्यांनी पुढीलप्रमाणे ठरवले.

• नवरा-बायको दोघांचे दोन्ही विमे : वर्षाला ९१२ रुपये.
• आईचा अपघात विमा : वर्षाला २० रुपये. वय ७० होईपर्यंत चालेल.
• बायकोच्या नावे २,००० रुपयांची अटल पेन्शन : दरमहा २३१, वर्षाला २,७७२ रुपये.

एकूण वर्षाला ३,७०४ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ३०९ रुपये. जोडीला दरमहा ५०० रुपये अडीअडचणीसाठी वेगळे. नवऱ्याने तेलंगणातील बांधकाम मंडळात नोंदणी केली आणि आईने गावी श्रावणबाळसाठी अर्ज केला.

आता वाईटातली वाईट शक्यता पाहू. नवऱ्याचा आजाराने मृत्यू झाला तर बायकोला जीवन ज्योतीतून २ लाख मिळतील. त्यानंतर घरखर्च महिन्याला १२,००० धरला तर ही रक्कम साधारण १६ महिने पुरेल. जन्मभर नाही. पण या १६ महिन्यांत मुलांची शाळा सुटणार नाही, सावकाराकडे जावे लागणार नाही, आणि शिलाईचे काम वाढवायला तिला उसंत मिळेल. छोट्या कवचाचा खरा उपयोग हाच आहे. ते घराला श्रीमंत करत नाही, पण पडू देत नाही.

९. कवच कुठे तुटते?

पैसा न मिळण्याची कारणे बहुधा मोठी नसतात. पुढील पाच ठिकाणे तपासा.

नाव. आधारवर एक, पासबुकावर दुसरे, रेशन कार्डावर तिसरे. माहेरचे आणि सासरचे नाव, आडनावाचे वेगळे लेखन, जन्मतारखेतील फरक. दुरुस्ती आजच करा. माणूस गेल्यावर त्याच्या आधारवरील नाव दुरुस्त करता येत नाही.

नॉमिनी. बँक खात्याचा नॉमिनी आणि विम्याचा नॉमिनी या वेगळ्या नोंदी आहेत. लग्नाआधी आईचे नाव दिले आणि नंतर बदललेच नाही, असे अनेकदा होते. नॉमिनी अज्ञान मूल असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्या मोठ्या माणसाचे नावही लिहावे लागते.

मोबाइल नंबर. सिम बदलले की बँकेत, आधार केंद्रात आणि रेशन दुकानात नवा नंबर द्या.

निष्क्रिय खाते. दोन वर्षे खातेदाराने कोणताच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. शाखेत केवायसीची कागदपत्रे देऊन ते पुन्हा चालू करून घेता येते.

माहितगार माणूस. हे सर्वांत महत्त्वाचे. विमा नवऱ्याने काढला आणि बायकोला सांगितलेच नाही, तर दावा कोण करणार? मागितल्याशिवाय विम्याचे पैसे घरी येत नाहीत.

१०. वेळ आलीच, तर पहिल्या ३० दिवसांत

दुःखाच्या दिवसांत कागदपत्रांचे सुचत नाही. म्हणून नातेवाइकांपैकी किंवा बचत गटातील एकीने पुढाकार घ्यावा.

१) मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. या मुदतीत शुल्क लागत नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद होते. परगावी मृत्यू झाला असेल तर तिथे नोंदीची व्यवस्था केल्याशिवाय गावी परतू नका, नाहीतर एका दाखल्यासाठी पुन्हा तेवढा प्रवास करावा लागेल. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या.

२) अपघात असेल तर पोलिसांत नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. दवाखान्याचे सगळे कागद जपा.

३) सर्व पासबुके बाहेर काढा. ४३६ आणि २० रुपयांच्या कपाती शोधा.

४) खाते असलेल्या शाखेत दावा अर्ज भरा. सोबत मृत्यू दाखला, नॉमिनीचे आधार आणि नॉमिनीच्या पासबुकाची प्रत. अर्ज ३० दिवसांच्या आत देण्याचा प्रयत्न करा. पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.

५) यूएएन असेल तर निधी, विमा आणि कुटुंब पेन्शनसाठी अर्ज करा. बांधकाम मंडळात नाव असेल तर तिथेही.

६) दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर तहसील कचेरीत राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या २०,००० रुपयांसाठी आणि विधवा अनुदानासाठी अर्ज करा.

बँकेने अर्ज घ्यायला नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, चौकशीचा क्रमांक १४४४८. विमा कंपनीबद्दल तक्रार असेल तर विमा नियामकाचा क्रमांक १५५२५५. या दोन विमा योजनांच्या माहितीसाठी १८००-१८०-११११ हा मोफत क्रमांक आहे. कोणत्याही फोनवर ओटीपी किंवा कार्डाचा पिन सांगू नका. दावा मंजूर करण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

११. एकट्याने नाही, गटाने

१९७२ साली अहमदाबादमध्ये इला भट्ट यांनी 'सेवा' ही असंघटित कामकरी स्त्रियांची संघटना उभी केली. दोन वर्षांनी तिथल्या स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढली. पुढे १९९२मध्ये विम्याचे कामही सुरू केले. मोठ्या कंपन्यांना परवडत नाही असे मानले जाणाऱ्या भाजीवाल्या, विडी वळणाऱ्या आणि कागद-काच-पत्रा गोळा करणाऱ्या बायकांनी हे चालवून दाखवले. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. कवच गटात टिकते, कारण एकाला विसर पडला तर दुसरा आठवण करून देतो.

तुमच्या बचत गटात किंवा वस्तीत पुढील तीन कामे सहज होऊ शकतात. मे महिन्याच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकीचे पासबुक पाहणे. ग्रामसभेत अनुदान घेणाऱ्यांची यादी वाचून दाखवायला सांगणे आणि सुटलेल्या निराधारांची नावे लेखी देणे. ज्या वृद्धांच्या बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्रावर उमटत नाहीत, त्यांच्यासाठी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय मागणे. शासनाने रक्कम वाढवावी, अटी सोप्या कराव्यात, ही मागणीही अशाच गटांकडून पुढे गेली पाहिजे. हातात नावांची यादी आणि अर्जांच्या पोचपावत्या असल्या की मागणीला वजन येते.

स्वाध्याय

१) एका रिक्षाचालकाच्या खात्यातून गेल्या वर्षी ४३६ रुपये कापले गेले. यंदा २५ ते ३१ मे या काळात खात्यात १५० रुपये होते. १० जुलैला त्याने पुन्हा नाव नोंदवले. २० जुलैला आजाराने मृत्यू झाला. रक्कम मिळेल का? (उत्तर : नाही. पुन्हा नोंदणीनंतरचे ३० दिवस पूर्ण झाले नव्हते. मृत्यू अपघाताने झाला असता तर मिळाली असती.)

२) सुरतेत राहणाऱ्या कुटुंबाचे रेशन कार्ड जळगाव जिल्ह्यातील आहे. सुरतेत धान्य मिळेल का? (उत्तर : होय, अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य मिळेल.)

३) या आठवड्यात घरी करा. एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, शाखा, कोणते विमे चालू आहेत, नॉमिनी कोण, यूएएन आणि ई-श्रम क्रमांक लिहा. पिन किंवा पासवर्ड लिहू नका. वही कुठे ठेवली आहे हे घरातील किमान दोघांना सांगा, आणि त्यांतील एक जण घरातल्या बाईमाणसांपैकी असू द्या.